विषारी वायूचा माग

मुंबईहून कर्जतकडे जाणाऱ्या लोहमार्गावर उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ही शहरे एकापाठोपाठ एक वसली आहेत. येथे रसायनांचे कारखाने आणि लोकवस्ती यांत आता फारसे अंतर उरलेले नाही. २९ नोव्हेंबर २०१४ रोजी पहाटे वालधुनी नदीच्या प्रवाहात टँकरमधून रासायनिक सांडपाणी सोडण्यात आले आणि उल्हासनगरातील शेकडो रहिवाशांना रुग्णालयात न्यावे लागले. ३ जून २०२१ च्या रात्री बदलापूरच्या शिरगाव औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यातून वायुगळती झाली. आसपासच्या नागरिकांचे डोळे चुरचुरू लागले, श्वास कोंडू लागला. १२ सप्टेंबर २०२४ रोजी अंबरनाथच्या मोरिवली परिसरातही असाच प्रकार घडून रस्त्यांवर धुरकट आवरण पसरले.

अशा प्रसंगी पाण्याचा मारा कोठे करावयाचा, हा अग्निशमन दलापुढील पहिला प्रश्न नसतो. हवेत काय मिसळले आहे, किती प्रमाणात आणि ते कोणत्या दिशेने सरकत आहे, हे आधी कळावे लागते.

नाकाचा भरवसा नाही

हायड्रोजन सल्फाइड या वायूला सडक्या अंड्यांसारखा वास येतो. हवेच्या दहा लाख भागांत त्याचा एक भागही नसतो, तेव्हाच तो नाकाला जाणवतो. हे प्रमाण शंभर भागांच्या आसपास गेले की काही मिनिटांत घ्राणेंद्रियच बधिर होते. वास नाहीसा होतो, वायू मात्र तेथेच असतो. गटारात किंवा टाकीत बेशुद्ध पडलेल्याला काढण्यासाठी उतरलेला दुसरा माणूसही प्राणास मुकतो, त्यामागे पुष्कळदा हेच कारण असते.

हा वायू साठवून ठेवणारा कारखाना जवळपास असलाच पाहिजे, असेही नाही. सल्फाइडयुक्त सांडपाणी वाहत असलेल्या नाल्यात कोणी आम्ल ओतले, तर तो तेथल्या तेथे निर्माण होतो. त्यामुळे कारखान्यांच्या साठ्याच्या नोंदी कितीही चोख असल्या, तरी नाल्याकाठी उपकरणाला पर्याय राहत नाही.

उपकरणे काय सांगतात

खाणीतील ज्वालाग्राही वायू ओळखण्यासाठी १८१५ साली हम्फ्री डेव्ही यांनी तयार केलेला सुरक्षा दिवा ज्योतीच्या आकारावरून इशारा देत असे. आज जवानाच्या छातीवर अडकविलेला, मुठीएवढा चतुर्वायूशोधक तेच काम अधिक नेमकेपणाने करतो. त्यात चार संवेदक असतात. ज्वालाग्राही वायूसाठी उत्प्रेरक लावलेला तापता मणी असतो. त्यावर वायू जळला की मण्याचे तापमान वाढते, विद्युत्‌रोध बदलतो आणि आकडा दिसतो. प्राणवायू, कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन सल्फाइड यांच्यासाठी लहान विद्युत्‌-रासायनिक घट असतात.

ज्वालाग्राही वायूचा आकडा मात्र समजून वाचावा लागतो. तो स्फोटाला लागणाऱ्या किमान प्रमाणाची टक्केवारी दाखवितो, विषारीपणाची नव्हे. उल्हासनगरला परिचित असलेल्या रेयॉन उद्योगाचे उदाहरण घेता येईल. रेयॉनसाठी कार्बन डायसल्फाइड हा द्रव लागतो. त्याची वाफ हवेपेक्षा अडीचपटीहून जड असल्याने ती सखल भागात साचते आणि सुमारे ९० अंश सेल्सिअस तापलेल्या नळीच्या स्पर्शानेही पेट घेऊ शकते. हवेत १.३ टक्के, म्हणजे दहा लाखांत १३,००० भाग वाफ झाली की स्फोटाची शक्यता निर्माण होते. यंत्राची घंटा सामान्यतः याच्या दहाव्या हिश्श्याला, म्हणजे १,३०० भागांना वाजते. माणसाच्या जिवाला तत्काळ धोका मात्र ५०० भागांनाच मानला जातो. घंटा वाजली नाही म्हणून श्वसनसंच उतरविणाऱ्या जवानाची यात सरळ फसगत होते.

ही उणीव भरून काढण्यासाठी प्रकाश-आयनीकरण शोधक वापरतात. त्यातील दिव्याच्या अतिनील किरणांनी वाफेचे रेणू विद्युत्‌भारित होतात आणि अत्यल्प वाफही मोजता येते. तो वाफ आहे असे सांगतो, कोणती ते सांगत नाही. क्लोरीन आणि कार्बन मोनॉक्साइड तर त्याच्या नेहमीच्या दिव्याला दिसतच नाहीत. नेमक्या वायूसाठी काचेच्या रंगनलिका असतात. हातपंपाने ठरावीक हवा ओढली की नलिकेतील भुकटीचा रंग बदलतो. शाळेतील ओला लिटमस आणि लेड ॲसिटेटचा कागद याच कुळातले. हायड्रोजन सल्फाइडने काळा पडणारा कागद शिक्षकांना नवा नाही. टँकरमध्ये द्रव कोठवर आहे, हे उष्णतादर्शक कॅमेऱ्यातून बाहेरूनही पुष्कळदा कळते.

यंत्र घेणे एक आणि ते खरे बोलते ठेवणे दुसरे. सिलिकोनच्या वाफेने उत्प्रेरक मणी निकामी होतो आणि तरीही पडद्यावर शांतपणे शून्य दाखवितो. विद्युत्‌-रासायनिक घट काही वर्षांत संपतात. म्हणून वापरापूर्वी ज्ञात प्रमाणाचा वायू देऊन यंत्र तपासावे लागते आणि संवेदक बदलण्याची तरतूद अंदाजपत्रकात दरवर्षी ठेवावी लागते. खरेदीच्या प्रस्तावात हा खर्च दिसत नसेल, तर तो प्रस्ताव अपुरा समजावा.

फलक आणि सरपंच

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ नुसार धोकादायक माल नेणाऱ्या वाहनावर रसायनाचे नाव, संयुक्त राष्ट्रांचा क्रमांक, धोक्याचे चिन्ह आणि संपर्काचा दूरध्वनी दर्शविणारा फलक असणे बंधनकारक आहे. कार्बन डायसल्फाइडचा क्रमांक ११३१, क्लोरीनचा १०१७. दुरून, वाऱ्याच्या वरच्या बाजूने वाचलेला हा क्रमांक कोणत्याही यंत्रापेक्षा लवकर उत्तर देतो. रात्री चोरून सांडपाणी ओतणाऱ्याकडून अर्थातच अशा फलकाची अपेक्षा नाही.

रासायनिक अपघातांसंबंधीच्या १९९६ च्या केंद्रीय नियमांनी औद्योगिक क्षेत्रासाठी स्थानिक आपत्ती गटाची तरतूद केली आहे. त्यात अग्निशमन अधिकारी, कारखाना निरीक्षक, गटविकास अधिकारी यांच्याबरोबर लगतच्या ग्रामपंचायतीच्या सरपंचालाही स्थान आहे. कोणत्या कारखान्यात कोणते रसायन आहे, त्याच्यासाठी कोणत्या रंगनलिका जवळच्या केंद्रात आहेत आणि त्यांची मुदत कधी संपते, हे प्रश्न त्याने बैठकीत विचारावयाचे आहेत.

प्रत्यक्ष घटनेच्या वेळी १०१ वर कळविताना वास कसा आहे, तो किती वाजता आला, वारा कोठून वाहतो, डोळे चुरचुरतात काय आणि नाल्याच्या पाण्याचा रंग बदलला आहे काय, एवढे सांगितले तरी पथकाला कोणता शोधक आधी काढावा, ते ठरविता येते. उग्र वास एकाएकी येईनासा झाला असेल, तर तेही सांगावे आणि वाऱ्याच्या आडव्या दिशेने, उंच जागेकडे निघावे.