अर्धवट विमान घेताय? आधी वही मागा, मग भाव करा

घरी बनवलेले विमान म्हटले की आपल्याकडे कांदिवलीचे कॅप्टन अमोल यादव आठवतात. इमारतीच्या गच्चीवर त्यांनी विमान उभे केले आणि २०१७ मध्ये त्याची सरकारी नोंदणी झाली. आपल्याकडे ती मोठी बातमी झाली. अमेरिकेत मात्र हा हजारो लोकांचा छंद आहे. तिथे कंपन्या विमानाचे किट विकतात. पत्रे, सुटे भाग, बोल्ट पेट्यांतून घरी येतात आणि माणूस गॅरेजमध्ये वर्षानुवर्षे जोडत बसतो. १९५३ साली स्थापन झालेली एक्सपेरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशन ही तिथली अशा लोकांची मोठी संघटना.

पण सुरू केलेले प्रत्येक विमान पुरे होतेच असे नाही. नोकरी बदलते, पैसा आटतो, आजारपण येते, कधी बनवणारा माणूसच जातो. मग शेपटी तयार, पंख अर्धे, इंजिन खोक्यात, अशा अवस्थेत विमान विकायला निघते. घेणाऱ्याला वाटते, स्वस्तात मिळाले, निम्मे काम आयतेच झाले!

आम्हा शिक्षकांना वर्षाच्या मध्येच दुसऱ्याचा वर्ग मिळतो, तेव्हा पहिला प्रश्न असतो की आधी काय शिकवले आणि ते मुलांना खरेच आले का? इथेही तेच आहे. आपण नुसता पत्रा विकत घेत नाही, दुसऱ्याच्या हाताचे काम विकत घेतो. त्यातले बरेचसे काम आता झाकले गेलेले असते.

म्हणून पहिली गोष्ट कागदपत्रांची. अमेरिकी नियमानुसार अशा विमानाचे निम्म्याहून जास्त काम हौशी लोकांनी, शिकण्यासाठी किंवा छंद म्हणून केलेले असावे लागते. याला बोलीभाषेत ‘५१ टक्क्यांचा नियम’ म्हणतात. हे काम एकाच माणसाने केले पाहिजे अशी अट नाही. पहिल्या मालकाचे काम आणि तुमचे काम एकत्र मोजले जाते. पण ते दाखवायचे कशावरून? रोजच्या कामाची वही, फोटो, किटची बिले यावरून. पहिल्या मालकाने पैसे देऊन कारागिरांकडून करून घेतलेले काम या हिशोबात धरत नाहीत. वहीच नसेल, तर पुढे परवान्याच्या वेळी अडचण येऊ शकते.

दुसरा कागद दुरुस्ती-प्रमाणपत्राचा. विमान पुरे झाल्यावर मुख्य बनवणाऱ्याला हे मिळते आणि दरवर्षीची तपासणी तो स्वतः करू शकतो. अर्धवट काम पुढे नेणाऱ्यालाही ते मिळू शकते. मात्र विमानाची खडान्‌खडा माहिती आपल्याला आहे, हे त्याने अधिकाऱ्याला पटवून द्यावे लागते. प्रमाणपत्र नसेल तर ही तपासणी सहसा परवानाधारक मेकॅनिककडून करून घेतात.

आता प्रत्यक्ष कामाकडे या. पत्र्याच्या विमानात हजारो रिव्हेट असतात. रिव्हेटच्या मध्यापासून पत्र्याच्या कडेपर्यंत साधारणपणे रिव्हेटच्या व्यासाच्या दुप्पट तरी अंतर हवे. कमी असेल तर तिथून पत्रा फाटू शकतो. बंद होऊ घातलेल्या भागात टॉर्च घालून गंज बघा. किट कोणत्या वर्षाचे आहे तेही विचारा. ओरेगॉनमधील व्हॅन्स एअरक्राफ्ट या नामांकित कंपनीने २०२२-२३ च्या सुमारास लेझरने कापलेले काही भाग पाठवले होते आणि त्यांच्या भोकांना काम करताना तडे जाऊ लागले. त्या काळातले किट असेल तर कुठले भाग बदलले, याची नोंद मागा.

इंजिनाच्या बाबतीत ‘नवेकोरे, कधी चालवलेच नाही’ हे ऐकून खूश होऊ नका. लायकमिंग इंजिनात कॅमशाफ्ट वरच्या बाजूला असतो. इंजिन पडून राहिले की त्यावरचे तेल ओघळून जाते आणि गंज धरतो. बाहेरून काही दिसत नाही.

एवढी चौकशी कशासाठी, हे एका अपघातावरून कळते. प्रसिद्ध गायक जॉन डेन्व्हर १२ ऑक्टोबर १९९७ रोजी कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ विमान कोसळून वारले. ते लाँग-ईझी जातीचे विमान दुसऱ्याने बनवलेले होते आणि डेन्व्हर यांनी ते तयार अवस्थेत घेतले होते. इंधनाची टाकी बदलण्याचा खटका बनवणाऱ्याने मूळ नकाशातली जागा सोडून वैमानिकाच्या डाव्या खांद्यामागे बसवला होता. हात मागे नेऊन तो फिरवताना विमानावरचा ताबा सुटला, असा तपासाचा निष्कर्ष होता. इंधन पुरेसे न भरणे आणि या विमानाचा अपुरा सराव हीही कारणे त्यात नोंदवली आहेत. अमेरिकेत २०११ मध्ये घरगुती विमानांचे २२४ अपघात झाले. त्यांतली निम्म्याहून जास्त विमाने मालकाने स्वतः बनवलेली नव्हती, दुसऱ्याकडून घेतलेली होती.

म्हणून सौदा करण्यापूर्वी त्याच जातीचे विमान बनवलेला अनुभवी माणूस सोबत न्या. वर सांगितलेल्या संघटनेचे स्वयंसेवक सल्लागार असे काम मोफत पाहतात. मूळ नकाशा हातात धरून एकेक भाग ताडून बघा. जिथे शंका येईल तिथे रिव्हेट काढून पुन्हा काम करायची तयारी ठेवा. ती तयारी नसेल तर सौदा सोडून दिलेला बरा. विमान पुरे झाल्यावरही पहिले साधारण २५ ते ४० तास प्रवासी न नेता ठरलेल्या हद्दीत चाचणी उड्डाणे करावी लागतात.

एक शब्द विकणाऱ्या कुटुंबासाठी. घरातला माणूस गेल्यावर गॅरेज रिकामे करायची घाई होते आणि जुन्या वह्या रद्दीत जातात. त्या वह्या मात्र सांभाळून ठेवा. त्यांनी किंमत तर चांगली येतेच, शिवाय तुमच्या माणसाने कुठे काय केले आणि कुठे काम थांबवले, हे पुढच्या माणसाला कळते. त्या विमानात उद्या त्याची बायकामुलेही बसणार आहेत.