कोलारची सोन्याची खाण बंद का पडली?

सिनेमामुळे 'केजीएफ' हे नाव आता मिरजगावातल्या पोरांनाही पाठ आहे. आज आपण बघणार आहोत ती कर्नाटकातली खरी कोलारची खाण. आपल्याला ती अगदीच परकी नाही. शहाजीराजांच्या जहागिरीत बंगळूरबरोबर कोलारही होतं.

१८०२ साली लेफ्टनंट जॉन वॉरन या भागात मोजणीला आला, तेव्हा गावकऱ्यांनी त्याच्यासमोर माती धुऊन सोन्याचे कण काढून दाखवले. म्हणजे सोनं इंग्रजांनी 'शोधलं' असं आपण म्हणतो, ते तितकंसं खरं नाही. १८८० पासून जॉन टेलर यांच्या इंग्रज कंपनीने मोठी खाण उभी केली. १९०२ मध्ये कावेरीवरच्या शिवनसमुद्रमची वीज सुमारे दीडशे किलोमीटर तारा ओढून इथे आणली. बंगळूरच्या रस्त्यांवर दिवे लागले ते त्यानंतर, १९०५ मध्ये!

मग ही खाण २८ फेब्रुवारी २००१ रोजी बंद का झाली? सोनं संपलं म्हणून? नाही. आता बघा, आपल्याकडे बोअर खोल खोल नेतात. तळाशी पाणी असतंही. पण विजेचं बिल, पाइप, मोटार यांचा हिशेब केला की त्या पाण्यावरचं पीक परवडत नाही. कोलारचं तसंच झालं. सुरुवातीला एक टन दगडातून ४५ ग्रॅमच्या आसपास सोनं निघे. शेवटी जेमतेम तीन ग्रॅम. खाण मात्र तीन किलोमीटरहून खोल गेलेली. तिथे खडकाचं तापमान ६० अंशांच्या वर, त्यामुळे थंड हवा खाली सोडावी लागे. दाबाने खडक अचानक फुटत, माणसं दगावत. खर्च उत्पन्नाच्या वर गेला आणि खाण तोट्यात गेली.

इथे आपण जरा थांबू या. 'परवडत नाही' हे वाक्य कुणाच्या वहीतलं आहे? त्या वहीत वीज होती, मजुरी होती, यंत्रं होती. तमिळ मुलखातून आलेल्या, बहुसंख्य दलित असलेल्या कामगारांच्या फुप्फुसात पिढ्यान्‌पिढ्या साचलेली दगडाची धूळ त्या वहीत कुठल्या रकान्यात होती? सायनाइडने सोनं काढून घेतल्यावर उरलेल्या भुकटीचे डोंगर आजही गावाला लागून उभे आहेत. वारा सुटला की ती भुकटी घरात येते. तिथली कितीतरी माणसं रोज पहाटेची रेल्वे धरून बंगळूरला कामाला जातात.

किंमत आणि मूल्य हे शब्द आपण एकाच अर्थाने वापरतो. सोन्याची किंमत सराफ सांगतो. पण या खाणीचा हिशेब पुरा मांडायचा असेल, तर १८८० पासूनची ती वही पुन्हा उघडावी लागेल आणि राहिलेले रकाने आपल्याला भरावे लागतील. आज आपल्या भागात नवा कारखाना, नवा प्रकल्प येतो म्हणतात, तेव्हा पहिल्याच सभेत ती वही मागून घ्यायला हवी.