सरपंचांचा मार्च महिना

शेतकऱ्याचे वर्ष पाडव्याला सुरू होते. सालगडी त्याच दिवशी ठरतो. व्यापारी दिवाळीच्या पाडव्याला नवी वही घालतो. ग्रामपंचायतीचे वर्ष या दोहोंहून निराळे आहे. ते १ एप्रिलला सुरू होते आणि ३१ मार्चला संपते. म्हणून शिमगा झाला की सरपंचांची धावपळ सुरू होते.

गावातली माणसे विचारतात, "काय हो, सरपंच मार्चमध्ये कचेरीत बसून एवढे करतात तरी काय?" प्रश्न खरा आहे. रस्ता केला तर दिसतो. नळ बसवला तर दिसतो. हिशेब मिटवण्याचे काम डोळ्यांना दिसत नाही. पण आमच्या मते वर्षभरातले सर्वांत महत्त्वाचे काम तेच आहे. गावाचा पैसा आला किती, गेला कुठे आणि राहिला किती, हे त्या कामातून ठरते.

आधी येणे पाहू. ग्रामपंचायतीला सरकारकडून पैसा मिळतो. पण तिची स्वतःची मिळकतही असते. घरपट्टी, दिवाबत्तीचा कर, पाणीपट्टी ही ती मिळकत. पट्टी वर्षभर केव्हाही भरता येते. तरी बरेच लोक मार्चपर्यंत थांबतात, आणि काही मार्चमध्येही भरत नाहीत. "एकट्या माझ्या पट्टीने काय अडणार आहे?" असे ते म्हणतात.

काय अडते ते आकडे मांडून पाहू. समजा, गावात ३०० घरे आहेत. पाणीपट्टी घरामागे महिना १०० रुपये, म्हणजे वर्षाला १,२०० रुपये आहे. सर्वांनी भरली तर ३,६०,००० रुपये जमा होतील. आता खर्च. विहिरीवरच्या मोटारीचे वर्षाचे वीजबिल १,८०,००० रुपये. पाणी सोडणाऱ्या माणसाचा वर्षाचा पगार ९६,००० रुपये. टीसीएल पावडर, पाइप, दुरुस्ती यांना ६०,००० रुपये. एकूण खर्च ३,३६,००० रुपये. म्हणजे सर्वांनी पट्टी भरली तर भागते, वर २४,००० रुपये उरतात.

आता समजा, १०० घरांनी पट्टी भरलीच नाही. जमा झाले २,४०,००० रुपये. खर्च तेवढाच राहिला. तूट आली ९६,००० रुपयांची. पाणी सोडणाऱ्या माणसाचा अख्ख्या वर्षाचा पगार नेमका तेवढाच आहे! त्याचा पगार थकवला तर तो काम सोडतो. वीजबिल थकवले तर कंपनीचा माणूस येऊन जोड तोडतो. पट्टी भरलेल्याचा नळ कोणता आणि बुडवलेल्याचा कोणता, हे तो बघत नाही. ऐन उन्हाळ्यात साऱ्या गावाचे पाणी बंद. मग डोक्यावर हंडा कोणाच्या येतो, ते घराघरातल्या बायकांना विचारावे.

म्हणून मार्चमध्ये सरपंच वसुलीला निघतात. हे काम सोपे नाही. मते मागायला ज्या दारात हात जोडले, त्याच दारात पट्टी मागायला जायचे. महाराष्ट्रात २०२२ पासून सरपंच पुन्हा थेट गावाच्या मतांनी निवडला जातो. त्यामुळे ही अडचण अधिकच जाणवते. कोणी म्हणतो, "दादा, पुढच्या वेळी बघू तुमच्याकडे." असे ऐकूनही जो पुन्हा जातो तोच खरा सरपंच, असे आम्हांला वाटते. अर्थात त्याने स्वतःची पट्टी आधी भरलेली हवी. बिल हाती पडल्यापासून ३ महिन्यांत जो कर भरत नाही, तो कायद्याने पंचायतीत बसायला अपात्र ठरतो.

पाटोदा गावाची युक्ती पुष्कळांनी ऐकली असेल. हे गाव छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात आहे. भास्करराव पेरे पाटील तेथे सरपंच असताना एक नवी सोय झाली. जे घर सगळा कर भरील, त्याचे दळण ग्रामपंचायतीच्या गिरणीत फुकट. दळण तर प्रत्येक घरी लागतेच. लोकांनी हिशेब केला आणि कर भरला.

पट्टी भरली की पावती घ्यावी. पावतीशिवाय कोणाच्याही हाती पैसा देऊ नये, मग तो घरचा पाहुणा का असेना. कराच्या पावतीला कचेरीत 'नमुना १०' म्हणतात. आता आपल्याला वाचता येते. तेव्हा पावती तेथेच उभे राहून वाचावी. आपले नाव, घराचा नंबर, वर्ष, मागली बाकी किती, चालू सालची किती, आणि खाली सही. सहा गोष्टी पाहायला पाच मिनिटेही लागत नाहीत.

आता देणे. ग्रामपंचायतीला आपल्या मिळकतीतला पैसा मन मानेल तसा खर्च करता येत नाही. त्यातले १५ टक्के मागासवर्गीयांसाठी, १० टक्के महिला व बालकांसाठी आणि ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्चावे लागतात. मिळकत एक लाख असेल तर हे आकडे होतात १५,०००, १०,००० आणि ५,००० रुपये. हा पैसा खर्च झाला का, हे सरपंचांनी मार्चमध्ये पाहायचे असते. खरे तर वर्षभर पाहायला हवे. पायाने अधू असलेल्या माणसाला एप्रिलमध्ये मिळणारी मदत पुढल्या मार्चमध्ये का मिळावी?

सरकारी पैशालाही अटी असतात. १५ व्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या पाच वर्षांसाठी गावांना जो पैसा ठरवला, त्यातला ६० टक्के भाग पिण्याचे पाणी आणि स्वच्छता यांसाठी बांधून दिला होता. त्या भागातून गावाची कमान उभारता येत नसे.

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात बिलांची रीघ लागते. येथे सरपंचांनी जपून राहावे. काम पुरे झाले का? मोजमाप पुस्तकात त्याची नोंद आहे का? माल खरोखर गावात आला का? हे पाहिल्याशिवाय सही करू नये. 'वर्ष संपते आहे, करा सही' असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. पूर्वी धनादेशावर सरपंच आणि ग्रामसेवक अशा दोघांच्या सह्या लागत. आता वित्त आयोगाचा पैसा संगणकावरून जातो, तरी सह्या दोघांच्याच लागतात. (ग्रामसेवकाचे पद २०२४ च्या सरकारी निर्णयाने 'ग्रामपंचायत अधिकारी' झाले. गावात लोक अजून भाऊसाहेबच म्हणतात.) संगणकावर सही करण्याचे एक लहानसे यंत्र असते. ते दुसऱ्याच्या खिशात राहिले, तर सही सरपंचांची आणि मर्जी दुसऱ्याची, असे होते.

महाराष्ट्रात २०११ पासून निम्म्या जागा स्त्रियांसाठी आहेत. पुष्कळ गावांत ताई किंवा वहिनी सरपंच आहेत. काही ठिकाणी खुर्चीवर मात्र त्यांचे यजमान बसतात. हे आम्हांला पटत नाही. उद्या हिशेबात खोट निघाली तर जबाब बाईंना द्यावा लागेल. मग हिशेबही त्यांनीच पाहायला हवा. जी बाई पगारात घर चालवते, तिला जमाखर्च नवा नाही.

३१ मार्चला रोकडवही मिटते. आम्ही शाळेत मुलांना शिकवीत असू, तेच गणित येथे असते. मागली शिल्लक अधिक जमा, त्यातून खर्च वजा. उरलेला आकडा आणि बँकेतला आकडा यांचा मेळ बसला पाहिजे. न बसला तर का बसला नाही, ते शोधून लिहिले पाहिजे. हीच शिल्लक १ एप्रिलला नव्या हिशेबाची पहिली ओळ होते. आणि ज्यांनी पट्टी भरली नाही, त्यांची रक्कम 'चालू'च्या रकान्यातून 'थकबाकी'च्या रकान्यात जाते.

येथे सरपंचांचे काम संपले असे नाही. १९५८ सालच्या ग्रामपंचायत कायद्याप्रमाणे वर्षाची पहिली ग्रामसभा एप्रिल-मे या दोन महिन्यांत घ्यावी लागते. बहुतेक गावांत ती १ मे रोजी होते. तिच्यापुढे मागल्या वर्षाचा जमाखर्च, कामाचा अहवाल, हिशेब तपासनिसांचे शेरे आणि नव्या वर्षाची कामे मांडावी लागतात. शेरे वाचायला सरपंच नाखूश असतात. पण ऐकण्यासारखे तेच असतात.

या सभेला मतदारांपैकी १५ टक्के किंवा १०० माणसे, यांपैकी जो आकडा कमी असेल तेवढी माणसे लागतात. तेवढी आली नाहीत तर सभा तहकूब होते. तहकूब झालेली सभा पुन्हा भरते, तेव्हा मात्र माणसांच्या संख्येची अट राहत नाही. म्हणजे आपण पारावर बसून राहिलो, तर दहाबारा माणसेही साऱ्या गावाचा निर्णय करून मोकळी होतात.

हिशेब नुसत्या पैशाचाच असतो असेही नाही. अहिल्यानगर जिल्ह्यात हिवरे बाजार गाव आहे. पोपटराव पवार तेथले सरपंच होते. तेथे पाऊस किती पडला ते मोजतात. त्यातून गावाला, गुरांना आणि शेतीला पाणी किती पुरेल ते काढतात. मग कोणती पिके घ्यायची ते ग्रामसभेत ठरते. पाऊस कमी असेल तर जास्त पाण्याची पिके घ्यायची नाहीत. पाण्याचा असा ताळेबंद जेथे होतो, तेथे पैशाचा हिशेब दडवणे कठीणच.

सभेत हिशेब वाचून दाखवला नाही, किंवा भरभर वाचून गुंडाळला, तर भांडू नये. माहितीच्या अधिकाराचा कायदा २००५ पासून आहे. साध्या कागदावर अर्ज लिहावा. अमुक वर्षाच्या जमाखर्चाची नक्कल हवी, एवढेच लिहावे. अर्जाला १० रुपयांचे कोर्ट फी तिकीट लावून तो ग्रामपंचायत कचेरीत द्यावा. दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला हे १० रुपयेही लागत नाहीत. उत्तर ३० दिवसांत मिळायला हवे. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्यावी आणि ती प्रत पट्टीच्या पावतीबरोबर जपून ठेवावी.