संकल्पचित्र : शब्दापूर्वीची विज्ञानकथा

चित्र आणि शब्द यांच्या परस्परसंबंधाचा विचार तौलनिक साहित्याभ्यासात झाला आहे तो बहुधा एकाच दिशेने. आधी संहिता, नंतर तिचे चित्रण, असा हा क्रम. कालिदासाची शकुंतला आधी आणि राजा रविवर्म्याची नंतर. कादंबरी आधी आणि तिच्यावरचा चित्रपट नंतर. ‘मूळ’, ‘रूपांतर’, ‘निष्ठा’, ‘विचलन’ ही आपली परिभाषा या क्रमावरच उभी आहे. प्रस्तुत लेखात ज्या प्रकाराचे विवेचन करावयाचे आहे तो हा क्रम उलटा करतो. संगणकीय खेळ आणि चित्रकथा यांच्यासाठी केलेली विज्ञानकथात्मक संकल्पचित्रे, आणि त्यांतही कोणाच्या मागणीवाचून, केवळ हौसेने काढलेली, हा तो प्रकार होय. येथे कथा अजून लिहिली गेलेली नसते. कित्येकदा ती पुढेही लिहिली जात नाही. तरीही चित्र पाहणाऱ्यास आपण एखाद्या कथेच्या मध्यभागी येऊन पडलो आहोत असे वाटते. हे कशामुळे घडते, हा साहित्याच्या अभ्यासकाचा प्रश्न आहे. तो चित्रकलेच्या अभ्यासकावर सोपवून मोकळे होता येणार नाही.

प्रथम या चित्रांचे स्वरूप पाहू. संकल्पचित्रकार आरंभी नुसत्या काळ्या छायाकृती काढतो, कारण खेळाच्या पडद्यावर पात्र लहान दिसते आणि ते बाह्यरेषेवरूनच ओळखू यावे लागते. त्यांतून एक आकृती निवडली की ती समोरून, बाजूने आणि पाठीमागून काढली जाते, म्हणजे पुढे तिची त्रिमित प्रतिमा घडविणाऱ्यास अंदाज करावा लागत नाही. यंत्र असेल तर शेजारी प्रमाणासाठी एक माणूस उभा केला जातो. समासात टिपा असतात : हा सांधा कशाचा, हे झाकण कोणत्या बाजूस उघडते, येथे इंधन भरतात. या टिपांची भाषा लक्ष देण्याजोगी आहे. तीत नामे असतात, क्वचित वर्तमानकाळी क्रियापद असते. भूतकाळ जवळजवळ नसतोच. कथनाचा जो स्वाभाविक काळ, तोच येथे शब्दांतून वगळलेला असतो. त्याचे काम चित्रातील गंज, पोचे, ठिगळे आणि पुसट झालेली अक्षरे करतात. नव्याकोऱ्या यंत्राचे चित्र केवळ यंत्राचे असते; दुरुस्त केलेल्या यंत्राच्या चित्रात दुरुस्त करणारा आला, मोडतोड आली आणि त्यांच्यामागची घटनाही आली.

असे चित्र कथानकातही हस्तक्षेप करू शकते, याचे सर्वपरिचित उदाहरण राल्फ मॅक्वारी यांचे आहे. बोइंग कंपनीत तांत्रिक चित्रे काढण्याचे काम केलेल्या या चित्रकाराने 1975 मध्ये जॉर्ज ल्यूकस यांच्या ‘स्टार वॉर्स’ या चित्रपटासाठी चित्रे काढली. पटकथेच्या मसुद्यात खलनायक एका यानातून दुसऱ्या यानात शिरतो. मॅक्वारींना प्रश्न पडला, की मधल्या निर्वात पोकळीत हा माणूस श्वास कसा घेणार? म्हणून त्यांनी त्याला श्वसनाचा मुखवटा दिला. मुखवटा कायम राहिला, आणि तो का आहे याचे उत्तर म्हणून पुढील चित्रपटांत त्या पात्राचा सारा पूर्वेतिहास रचला गेला. चित्रकाराच्या एका व्यावहारिक शंकेतून पात्राचे चरित्र निघाले. येथे ‘मूळ’ कोणते आणि ‘रूपांतर’ कोणते, हे आपल्या परिभाषेत सांगू पाहिल्यास तिची मर्यादा कळून येते.

मॅक्वारी व्यावसायिक होते आणि त्यांच्यापुढे मसुदा होता. हौशी चित्रकारापुढे तोही नसतो. त्याच्या निर्मितीचा विचार करण्यासाठी मला सर्वांत उपयुक्त वाटलेली मांडणी पाश्चात्त्य चित्रमीमांसेतील नाही. ती बोरसीपासून तीस-एक किलोमीटरवरच्या राजनांदगावात राहिलेल्या लेखकाची आहे. गजानन माधव मुक्तिबोध यांची घरची भाषा मराठी, लेखनाची हिंदी. त्यांचे धाकटे बंधू शरच्चंद्र मुक्तिबोध हे मराठीतील महत्त्वाचे कवी आणि कादंबरीकार. 1958 पासून 1964 मधील अखेरच्या आजारापर्यंत गजानन माधव राजनांदगावच्या दिग्विजय महाविद्यालयात शिकवीत होते. ‘एक साहित्यिक की डायरी’ या पुस्तकातील ‘तीसरा क्षण’ या लेखात त्यांनी कलानिर्मितीचे तीन क्षण कल्पिले आहेत. पहिला क्षण जीवनातील उत्कट अनुभवाचा. दुसऱ्या क्षणी हा अनुभव आपल्या दुखऱ्या मुळांपासून सुटतो आणि जणू डोळ्यांपुढे उभ्या असलेल्या फँटसीचे रूप घेतो. तिसऱ्या क्षणी ती फँटसी शब्दबद्ध होऊ लागते. आणि शब्दांत समाजाचे संचित असल्यामुळे या प्रक्रियेत ती बदलत जाते. सिद्ध झालेली रचना मूळ फँटसीची प्रतिकृती नसते.

हौशी संकल्पचित्र ही दुसऱ्या क्षणाशी थांबलेली निर्मिती आहे, असे मला म्हणावयाचे आहे. रेषेलाही आपली परंपरा असते, म्हणून चित्रकाराचा तिसरा क्षण रेषेतच पुरा होतो, असा आक्षेप यावर घेता येईल. तो काही अंशी रास्त आहे. निसर्गचित्राच्या बाबतीत तो मी पूर्णतः मान्य करीन. परंतु संकल्पचित्र स्वतःच आपली अपूर्णता घोषित करते. त्यातील दार कोणीतरी उघडावे म्हणून काढलेले असते. चित्रकाराने तिसरा क्षण दुसऱ्या कोणासाठी, लेखकासाठी, खेळ रचणाऱ्यासाठी किंवा खेळणाऱ्यासाठी, राखून ठेवलेला असतो.

तिसरा क्षण असा दुसऱ्याच्या हाती गेल्याची दोन उदाहरणे युरोपातून देतो. पोलंडच्या याकुब रुझाल्स्की यांनी ‘1920+’ या नावाने एक चित्रमाला केली. तीत पूर्व युरोपातील शेते आहेत, कापणी करणारी माणसे आहेत, आणि मागे धुक्यात पोलादी पायांवर चालणारी प्रचंड युद्धयंत्रे आहेत. 1919 ते 1921 या काळातील पोलंड-सोव्हिएत युद्धाची स्मृती येथे मुळापासून सुटून फँटसी झाली आहे. ही चित्रे पाहून जेमी स्टेगमायर या अमेरिकन खेळरचनाकाराने ‘साइद’ हा पटावरचा खेळ केला (2016), आणि त्याच चित्रविश्वावर ‘आयर्न हार्वेस्ट’ हा संगणकीय खेळ 2020 मध्ये आला. पटावरच्या खेळात वाटेवरील भेटीची कार्डे आहेत : वर प्रसंगाचे चित्र, खाली खेळाडूने निवडावयाचे तीन पर्याय. एकाच चित्राला तीन शक्य कथा जोडलेल्या आहेत, आणि त्यांपैकी कोणतीही अधिकृत नाही.

दुसरे उदाहरण स्वीडनचे सीमोन स्तोलेनहाग. स्टॉकहोमजवळील बेटांवर गेलेले बालपण त्यांनी रंगविले. बर्फाळ माळ, जुन्या व्होल्व्हो मोटारी, लोकरी टोप्या घातलेली मुले आणि त्यांच्यामागे निकामी होऊन पडलेली अवाढव्य यंत्रे. या साऱ्यामागे भूमिगत कणत्वरकाची एक कल्पना आहे. 2014 मध्ये या चित्रांचे पुस्तक झाले तेव्हा त्यांनी आठवणींच्या स्वरूपाचा मजकूर स्वतःच जोडला. 2017 मध्ये त्यावर भूमिका घेऊन खेळावयाचा खेळ आला, आणि 2020 मध्ये अमेरिकेत दूरदृश्य मालिका. मालिकेत मात्र स्थळ अमेरिकेच्या ओहायो राज्यात हलविले गेले. यंत्रे तशीच राहिली, माळ बदलला. या चित्रांत यंत्रांहून माळच अधिक मोलाचा होता असे मानणाऱ्या माझ्यासारख्या प्रेक्षकाला हा बदल निव्वळ सोयीचा वाटत नाही.

मराठी विज्ञानकथेत निर्मितीचा क्रम नेमका उलट राहिला. जयंत नारळीकर यांनी 1974 मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेसाठी ‘कृष्णविवर’ ही कथा टोपणनावाने पाठविली. शीर्षकातच वैज्ञानिक संकल्पना आहे, आणि हे त्या पिढीच्या लेखनाचे प्रातिनिधिक लक्षण मानता येईल. नारळीकर, बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, सुबोध जावडेकर यांच्या लेखनाचे बळ संकल्पनेत आणि तर्कात आहे. संपादकाकडे कथा पोहोचावयाची, तिची संहिता चित्रकाराकडे जावयाची, आणि त्याने शीर्षकाभोवती एखादे चित्र काढावयाचे, हा दिवाळी अंकांचा शिरस्ता. यात चित्रकाराला प्रश्न विचारण्याची सोयच नव्हती. ‘हा माणूस श्वास कसा घेणार’ असे संपादकाला कळविणारा चित्रकार आपल्याकडे झालाही असेल, पण कथा तोवर छापखान्यात गेलेली असणार. परिणामी आपल्या विज्ञानकथेत कल्पना स्पष्ट असते आणि जागा धूसर.

चित्र पुढे आणि शब्द मागून, ही पद्धत आपल्याला अपरिचित मात्र नाही. सिंधुदुर्गातील पिंगुळीचे ठाकर कलावंत चित्रकथीची पोथी उघडून एकेक सुटे चित्र प्रेक्षकांपुढे धरतात आणि त्यावरून आख्यान सांगतात. परशुराम गंगावणे यांना 2021 चा पद्मश्री पुरस्कार जाहीर झाल्यावर नागर वाचकाचे या परंपरेकडे पुन्हा लक्ष गेले. साम्य फार ताणू नये, कारण चित्रकथीच्या प्रेक्षकाला रामायण ठाऊक असते आणि त्या ज्ञानाच्या आधारे चित्र बोलते. संकल्पचित्राच्या पाठीशी असे आख्यान नसते. त्याच्या प्रेक्षकाला ठाऊक असते ते यंत्र आणि परिसर. चित्राला बोलावयाचे ते या दोहोंच्या आधारे.

अलीकडे आपल्याकडे या पोकळीत पुराणकथा आणून बसविण्याची प्रवृत्ती दिसते. 2006 मध्ये ‘रामायण 3392 एडी’ या इंग्रजी चित्रकथेत अभिषेक सिंग यांनी रामकथेला दूरच्या भविष्याचा वेश दिला. पुण्याच्या सुपरगेमिंग या संस्थेचा ‘इंडस’ हा खेळ ऑक्टोबर 2024 मध्ये आला. त्यात ‘विरलोक’ नावाचे स्थळ आणि यक्षांची लोपलेली संस्कृती आहे, आणि या शैलीस ‘इंडो-फ्यूचरिझम’ असे नाव दिले आहे. नारळीकरांच्या 1979 च्या कथासंग्रहाचे नाव ‘यक्षांची देणगी’ होते, हे येथे सहज आठवते. यक्ष दोन्हीकडे आहेत. पण ‘इंडस’मधले यक्ष प्रथम आकार, अलंकार आणि वास्तू म्हणून भेटतात, आणि हा फरक छोटा नाही. तरीही पुराणाचा आधार घेतला की चित्रकथीच्या प्रेक्षकाची सोय परत येते : नाव ओळखीचे निघाले की पाहणारा अर्धे चित्र न पाहताच समजून घेतो.

हौशी चित्रकारापुढे याखेरीज एक कठोर प्रश्न आहे, तो हक्काचा. भारताच्या 1957 च्या कॉपीराइट अधिनियमात रेखाचित्राला संरक्षण आहे, त्यात कलागुण असो वा नसो. ही तरतूद हौशी माणसाच्या बाजूची आहे. नोकरीचा भाग म्हणून काढलेल्या चित्राचा हक्क, वेगळा करार नसल्यास, मालकाचा होतो. घरी, स्वतःसाठी काढलेल्याचा चित्रकाराचाच राहतो. परंतु आर. जी. आनंद खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1978 मध्ये स्पष्ट केल्याप्रमाणे कल्पनेवर असा हक्क नसतो, केवळ तिच्या अभिव्यक्तीवर असतो. संकल्पचित्राचे सारे मोल कल्पनेत, आणि संरक्षण मात्र रेषेला! 2022 पासून शब्दांवरून चित्रे तयार करणारी यंत्रे सर्वसामान्यांच्या हाती आली, तेव्हा ही विसंगती व्यवहारात उघडी पडली. जानेवारी 2023 मध्ये संकल्पचित्रकार कार्ला ऑर्तिझ आणि इतर दोघांनी अशा यंत्रांच्या कंपन्यांविरुद्ध अमेरिकेत दावा दाखल केला. हौशी चित्रकारांचे मोठे प्रदर्शनस्थळ असलेली ‘डेव्हियंटआर्ट’ ही संस्थाही त्यात प्रतिवादी आहे. मुक्तिबोधांच्या भाषेत सांगावयाचे तर येथे तिसरा क्षण पहिला क्षण न अनुभवलेल्याच्या हाती गेला आहे.

हा लेख ज्या बोरसीत लिहिला, ती दुर्ग-भिलाईच्या कडेला आहे. भिलाईच्या पोलाद कारखान्यासाठी सोव्हिएत संघाशी 1955 मध्ये करार झाला, आणि 4 फेब्रुवारी 1959 रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. दल्ली-राजहऱ्याच्या डोंगरांतून लोहखनिज आले, सोव्हिएत तज्ज्ञ येथे राहिले, आणि क्रमांकांनी ओळखल्या जाणाऱ्या सेक्टरांची वसाहत भातशेतीच्या मधोमध उभी राहिली. भातात उभा असलेला शेतकरी आणि त्याच्या मागे क्षितिजावर भट्ट्यांचे मनोरे, हे रुझाल्स्कींचे चित्र येथे कल्पनेवाचून दिसते. तथापि या परिसरातील हौशी मुलांच्या ज्या वह्या माझ्या पाहण्यात आल्या, त्यांत काचेची उत्तुंग शहरे होती, पाऊस होता, जपानी धाटणीचे चिलखती योद्धे होते. भट्टी नव्हती आणि भातही नव्हता. यात त्यांचा दोष मानता येत नाही. त्यांनी जे खेळ खेळले त्यांत भिलाई नव्हतीच.

एका वहीत मात्र मंगळावरच्या वसाहतीचे चित्र होते, आणि तिच्या कडेने वितळलेली मळी वाहून नेणारी गाडी चालली होती. तिची चाके, कलती बादली, बादलीच्या काठावर थिजलेला थर, हे सारे पाहून काढलेले होते. उरलेले मंगळ कोठून तरी उचललेले. टिपा समासात इंग्रजीत होत्या. या गाडीला घरी काय म्हणतात असे विचारले, तेव्हा वडील म्हणतात तो शब्द त्याने सांगितला, तोही इंग्रजीच, पण कारखान्यात झिजून वेगळा झालेला. मराठी परिभाषेत तिच्यासाठी ‘धातुमळी’ आणि ‘झोतभट्टी’ असे शब्द तयार आहेत. ते त्याने कधी ऐकले नव्हते, आणि मीही ते कोशाबाहेर क्वचितच ऐकले आहेत. त्याने ते समासात पेन्सिलीने लिहून घेतले, आणि वडिलांचा शब्द शाईने.