स्वभाव बघून खेळाडू निवडता येतो काय?

“आमची पोरगी लाजाळू आहे हो, तिला कबड्डीत घालून काय उपयोग?” “पोरगा तापट आहे, त्याला कुस्तीलाच पाठवा.” अशी वाक्ये आपल्या वस्त्यांतून रोज कानावर पडतात. आईबाप बोलतात, शेजारीपाजारी बोलतात, आणि दुर्दैवाने खेळ शिकवणारेही बोलतात. स्वभाव जन्मालाच चिकटून येतो, तो बदलत नाही आणि पोर मैदानात काय दिवे लावणार हे त्यावरूनच ठरते, असा या बोलण्यामागचा समज असतो. हा नुसता अडाण्यांचा समज आहे असे मात्र कुणी म्हणू नये. मोठमोठ्या विद्यापीठांतल्या मानसशास्त्रज्ञांनी हाच समज उराशी धरून खेळाडूंच्या परीक्षा घेतल्या, पुस्तके लिहिली आणि संघवाल्यांना सल्ले दिले. त्याचे पुढे काय झाले, हे पालकांनी आणि मंडळांच्या कार्यकर्त्यांनी समजून घेण्यासारखे आहे.

या विचाराला व्यक्तिमत्त्वाचा गुणविशेष सिद्धांत म्हणतात. माणसात काही टिकाऊ गुण असतात, ते कमीअधिक प्रमाणात सर्वांत असतात, आणि ते मोजले की माणूस कसा वागेल याचा अंदाज करता येतो, असे तो सांगतो. 1936 साली अमेरिकेत गॉर्डन ऑलपोर्ट आणि त्यांचे सहकारी ऑडबर्ट यांनी वेबस्टरचा इंग्रजी शब्दकोश चाळून माणसाचे वर्णन करणारे शब्द वेचले. ते जवळजवळ 18,000 भरले! रेमंड कॅटेल यांनी अशा शब्दांची छाननी करीत आणून 16 घटकांवर ठेवली आणि 1949 मध्ये त्यांची प्रश्नावली निघाली. लंडनचे हान्स आयझेंक म्हणाले, सोळा कशाला, दोनच पुरे : माणूस अंतर्मुख की बहिर्मुख, आणि भावनेने स्थिर की अस्थिर. तिसरा गुण त्यांनी नंतर जोडला. आज बहुतेक संशोधक पाच गुण मानतात. नव्या अनुभवाची ओढ, कामातला नेटकेपणा, बहिर्मुखता, इतरांशी जुळवून घेणे आणि भावनिक अस्थिरता, असे ते पाच.

आयझेंक यांचे म्हणणे खेळवाल्यांना फार आवडले. अंतर्मुख माणसाचा मेंदू मुळातच जास्त जागा असतो, म्हणून त्याला गलका सोसत नाही. बहिर्मुख माणसाचा मेंदू कमी जागा असतो, म्हणून तो धामधूम शोधतो आणि वेदनाही जास्त सोसतो, अशी त्यांची मांडणी. त्यावरून नेमबाजीला शांत पोर घ्या आणि धक्काबुक्कीच्या खेळाला बोलके पोर घ्या, असा सोपा हिशेब निघाला. आता याच आयझेंकबद्दल आपल्या वाचकांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. हिटलरच्या राज्यात राहायचे नाही म्हणून तरुणपणी जर्मनी सोडलेल्या या माणसाने 1971 साली एक पुस्तक लिहून गोऱ्या-काळ्यांच्या बुद्धीतला फरक बऱ्याच अंशी आनुवंशिक असल्याचे प्रतिपादन केले. एका माणसावर चिकटवलेले लेबल एका उडीत सगळ्या जमातीवर जाऊन बसते ते असे.

खेळाच्या क्षेत्रात या सिद्धांताचा सर्वांत मोठा बाजार मांडला गेला तो अमेरिकेत. कॅलिफोर्नियातल्या सॅन होजे येथील ब्रूस ओगिल्वी आणि थॉमस टुट्को या दोन मानसशास्त्रज्ञांनी 1966 साली ‘त्रासदायक’ खेळाडूंना कसे हाताळावे यावर पुस्तक काढले. त्यांनी 190 प्रश्नांची एक चाचणी तयार केली. जिद्द, आक्रमकपणा, नेतृत्व, आत्मविश्वास, मनाचा कणखरपणा, कोचचे ऐकण्याची तयारी असे 11 गुण ती मोजते, असा त्यांचा दावा. व्यावसायिक संघही त्यांच्याकडे वळले. कोचला काय, कागदावर आकडा मिळाला की डोक्याला ताप नको!

पण या चाचणीत गोम होती. खेळाडू काही दूधखुळा नसतो. ‘हरल्यावर तू खचतोस काय?’ असे विचारल्यावर संघात जागा हवी असलेला पोरगा काय उत्तर देईल? आपण नोकरीच्या मुलाखतीत देतो तेच. शिवाय अशा गुणांचा प्रत्यक्ष खेळाशी किती संबंध आहे, हे कुणीतरी तपासायला हवे होते. ते तपासले गेले. 1977 साली अमेरिकेतल्या दीड हजारांहून अधिक कॉलेजविद्यार्थ्यांचा अभ्यास झाला. खेळणारे आणि न खेळणारे यांना वेगळे पाडील असा एकच साचा त्यात सापडला नाही. 1991 मध्ये तर आइस हॉकीच्या शेकडो तरुण खेळाडूंवर हीच 190 प्रश्नांची चाचणी ताडून पाहिली. बर्फावरच्या खेळातल्या फरकापैकी पाच टक्क्यांइतकाही फरक तिला सांगता आला नाही.

ही टक्केवारी काय भानगड आहे, ते थोडे उलगडून सांगतो. आम्ही बी.कॉम. झालेल्या माणसांनी संख्याशास्त्राच्या पेपरात सहसंबंध गुणांक काढून काढून बोटे झिजवली, त्याचा इथे उपयोग होतो. दोन गोष्टी तंतोतंत बरोबर चालत असतील तर गुणांक 1, काहीच संबंध नसेल तर शून्य. वॉल्टर मिशेल या मानसशास्त्रज्ञाने 1968 साली आजवरचे संशोधन पालथे घालून दाखवले की, प्रश्नावलीतला गुण आणि माणसाचे एखाद्या प्रसंगातले वागणे यांच्यातला गुणांक सहसा 0.30 च्या वर जात नाही. याचा वर्ग करा : 0.09. म्हणजे वागण्यातल्या शंभर हिश्श्यांपैकी नऊ हिस्से स्वभावाने सांगता येतात. उरलेल्या 91 हिश्श्यांचा जमाखर्च दुसरीकडे शोधायचा. नऊ हिस्से म्हणजे काहीच नाही असे नव्हे, पण नऊच्या जोरावर 91 चा निकाल लावणे हे कुठल्या हिशेबात बसते?

मिशेल यांचे म्हणणे मला वस्तीतल्या एका मुलीमुळे नीट कळले. पंधरा वर्षांची, वडील हमाली करतात, आई चार घरची धुणीभांडी करते. आमच्या मंडळाच्या मैदानावर ती कबड्डीला यायची, पण ‘कबड्डी कबड्डी’ हा दमसुद्धा दुसऱ्याला ऐकू जाणार नाही असा. शिकवणारा म्हणाला, “हिचा स्वभावच मवाळ, हिला बसवा.” आणि हीच मुलगी रेशनच्या रांगेत! मध्ये घुसणाऱ्या धटिंगणाला तिने अशी तासडली की सगळी रांग गप्प झाली. माप कमी पडले तर दुकानदाराला पुन्हा तोलायला लावणारी तीच. मग ती मवाळ की जहाल? मी तिला विचारले तेव्हा म्हणाली, “काका, रांगेत माझं बरोबर असतं ना, म्हणून बोलते. मैदानात मला एकटीला सगळे बघतात. पाय कुठं टाकायचा तेच सुचत नाही.” म्हणजे तिला हवे होते पाय कुठे टाकायचा याचे शिक्षण. पुढे तिला चढाईऐवजी कोपऱ्यात उभे केले. चढाई करणारीच्या पायावर नजर ठेवायची आणि घोटा धरायचा. तिथे तिला एकटीला कुणी बघत नाही. घोटा चांगला धरते. चढाईला जायला अजून कचरते, पण जाते.

मिशेल यांच्या आधीच कुर्ट लेविन यांनी हे सूत्ररूपाने सांगून ठेवले होते. लेविन ज्यू होते, हिटलर सत्तेवर आल्यावर त्यांना जर्मनी सोडून अमेरिकेत जावे लागले. 1936 साली त्यांनी मांडले की वागणूक ही माणूस आणि त्याची परिस्थिती या दोन्ही मिळून घडते. खेळाच्या मानसशास्त्राने अखेर हाच रस्ता धरला. रेनर मार्टेन्स यांनी 1977 साली स्पर्धेच्या वेळची चिंता मोजणारी वेगळी प्रश्नावली तयार केली, कारण एरवी निर्धास्त असणारा माणूस सामन्याच्या दिवशी थरथरतो आणि एरवी घाबरट वाटणारा ऐन वेळी थंड डोक्याने खेळतो, हे त्यांच्या लक्षात आले होते. मूळचा चिंतेचा स्वभाव वेगळा आणि त्या घटकेला आलेली घबराट वेगळी. घबराट सरावाने, श्वासावर लक्ष ठेवून, खेळाची परिस्थिती आधीच अनुभवून कमी करता येते. मोठ्या सामन्याआधी मंडळांनी वस्तीतले चार लोक बोलावून त्यांच्या आरडाओरड्यात पोरांना खेळवावे. त्याला पैसा लागत नाही.

विल्यम मॉर्गन या संशोधकाने मग स्वभाव सोडून मनाची त्या त्या वेळची अवस्था तपासली. ताण, उदासी, राग, उत्साह, थकवा, गोंधळ या सहांचा आलेख काढला तर चांगल्या खेळाडूचा उत्साह सरासरीच्या वर डोकावतो आणि बाकी पाच पाण्याखाली राहतात. त्याला हिमनगाचा आलेख म्हणतात. दिसायला झकास. परंतु 1995 मध्ये अनेक अभ्यासांची बेरीज केली तेव्हा या आलेखाने यशातला एक टक्काही फरक सांगता येत नाही असे निघाले. मॉर्गन यांचे दुसरे निरीक्षण मात्र आपल्या कामाचे आहे. सराव अतोनात झाला की हाच आलेख उलटा होतो, उत्साह बुडतो आणि थकवा वर येतो. सराव कमी केला की तो पुन्हा सरळ होतो. पहाटे सार्वजनिक नळावर हंडे भरून, शाळा करून, दुपारी आईबरोबर कामाला जाऊन संध्याकाळी मैदानात आलेली पोर सुस्त दिसली, तर ती स्वभावाने आळशी आहे असे म्हणण्याआधी ती दिवसभरात काय खाऊन आली आहे हे विचारावे.

मग गुणविशेष सिद्धांत फेकूनच द्यायचा काय? नाही. पाच गुणांवरच्या अलीकडच्या अभ्यासांत वरच्या पातळीवरचे खेळाडू कामात थोडे अधिक नेटके आणि भावनेने थोडे अधिक स्थिर आढळतात. फरक लहान आहे, पण आहे. नेटका मुलगा वेळेवर येतो, दुखापत झाल्यावर सांगितलेला व्यायाम चुकवत नाही, हे कुणालाही पटेल. आणि महत्त्वाचे म्हणजे हे गुण दगडावर कोरलेले नसतात. हजारो माणसांचा वर्षानुवर्षे मागोवा घेतलेल्या अभ्यासांतून दिसले आहे की विशी ते चाळिशीत माणसाचा नेटकेपणा आणि भावनिक स्थिरता वाढत जाते. पंधराव्या वर्षी घेतलेले स्वभावाचे माप पंचविसाव्या वर्षी लागू पडेलच, याची हमी कोण देणार?

स्वभावाचे माप कुणाच्या हातात आहे, हाही प्रश्न आहेच. क्रिकेटमध्ये चर्मकार समाजातील बाळू पालवणकर यांनी 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात 114 बळी घेतले. पुण्यात त्यांच्या गोलंदाजीवर सामने जिंकणारे सहकारी चहाच्या वेळी त्यांना बाहेर वेगळ्या भांड्यात चहा देत. हिंदू संघाचे रीतसर कर्णधारपद त्यांना कधीच मिळाले नाही. त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांना ते 1923 मध्ये मिळाले. बाळूंच्या डोक्यात, जिद्दीत, सोशिकपणात काय कमी होते? कुठल्याही प्रश्नावलीत ते पहिले आले असते. निवड करणाऱ्यांनी जे मोजले ते वेगळेच होते.

मंडळांसाठी एक सूचना करतो. बऱ्याच ठिकाणी खेळाडूंच्या वहीत नावापुढे ‘शांत’, ‘भांडकुदळ’, ‘भित्रा’ असे शेरे मारलेले असतात. तो रकाना काढून टाका. त्याऐवजी तीन रकाने आखा : या महिन्यात किती दिवस आला, काय नवीन शिकला, आणि मागच्या सामन्यात कोणत्या प्रसंगी चुकला. ‘भित्रा’ या शब्दाचे पुढे काही करता येत नाही. ‘डावीकडून दोघे आले की मागे सरकतो’ असे लिहिले तर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी डावीकडून दोघांना पाठवून सराव घेता येतो. आम्ही ही वही सुरू केली तेव्हा पहिल्याच महिन्यात दिसले की सर्वांत ‘बेफिकीर’ म्हणून प्रसिद्ध असलेला मुलगा एकही दिवस चुकलेला नव्हता. त्याच्याकडे बूट नव्हते, म्हणून तो पळताना मागे राहायचा. वर्गणी काढून बूट घेतले.