शिक्षकाच्या वर्गात कोण जाणार?

दिवाळी सरली की आष्टी तालुक्यातील ऊसतोड कामगारांच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकातील साखर कारखान्यांकडे निघतात. कित्येक मुले आईबापांबरोबर जातात. काही हंगामी वसतिगृहाच्या आधाराने आजीआजोबांपाशी राहतात. गेलेली मुले उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात, तेव्हा वर्ग पुष्कळ पुढे गेलेला असतो. शिक्षक विचारतात, "समजले का?" वर्ग एका सुरात उत्तरतो, "हो गुरुजी!" या सुरात न समजलेल्यांचाही आवाज मिसळलेला असतो. तो वेगळा ओळखणे ही सोपी गोष्ट नव्हे.

ती शिक्षकाला कोण शिकविणार? ठरलेले उत्तर म्हणजे तालुक्याच्या ठिकाणचे प्रशिक्षण. शिक्षक सभागृहात बसतात, व्याख्याने ऐकतात, हजेरीपत्रकावर सह्या करून परततात. मौज अशी, की मुलांना बोलते कसे करावे हे तेथे शिक्षकांना गप्प बसवून शिकविले जाते!

दक्षिण आफ्रिकेच्या नॉर्थ वेस्ट प्रांतात २०१५ पासून दोन वर्षे एक प्रयोग झाला. काही शाळांतील शिक्षकांना शिबिरात बोलावले, काहींच्या वर्गात मार्गदर्शक पाठविले; पाठ व साहित्य दोन्हीकडे तेच. वर्गात मार्गदर्शक गेलेल्या शाळांतील मुलांची वाचनातील प्रगती सुमारे दुप्पट भरली. खर्च अधिक झाला, तथापि खर्चाच्या मानाने लाभही अधिकच पडला.

असा मार्गदर्शक नेमके काय करतो? अमेरिकेतील मेरी बड रो यांना १९७० च्या दशकात आढळले, की प्रश्न विचारल्यावर शिक्षक उत्तरासाठी सरासरी एकच सेकंद थांबतात. तीन सेकंद थांबल्यास उत्तरे विस्तृत होतात आणि एरव्ही मौन पाळणारी मुलेही बोलू लागतात. शिकविण्याच्या ओघात स्वतःचा हा सेकंद मोजता येत नाही. मागे सतरंजीवर बसलेल्या सहकाऱ्याला तो मोजता येतो.

महाराष्ट्रात यासाठी नवे खाते नको. १९९४ साली साधारण दहा शाळांमागे एक केंद्रप्रमुख नेमण्याचे ठरले, ते शिक्षकांना शैक्षणिक साहाय्य मिळावे म्हणूनच. पुढे अनेक पदे वर्षानुवर्षे रिक्त राहिली आणि भरलेल्या पदांवरील माणूस तक्ते व माहिती गोळा करण्यात बुडाला. सातारा जिल्ह्यातील कुमठे बीटात शिक्षण विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे यांनी शिक्षकांच्या सोबतीने काम केले. ते पाहण्यास राज्यभरातून शिक्षक गेले. पण पुष्कळ ठिकाणी तेथील रंगविलेली फरशी तेवढी पोहोचली, सोबत करणारा माणूस पोहोचला नाही.

आणखी एक अडचण आहे. जो तपासणीचा शेरा लिहितो, त्याच्यासमोर कोणता शिक्षक आपली उणीव उघड करील? साहेब येणार म्हटले की पाठ आधी घोटून घेतला जातो आणि हुशार मुले पुढे बसतात. म्हणून मार्गदर्शनाच्या भेटीची नोंद शिक्षकाच्याच वहीत राहावी. ती वर जाऊ नये.

आष्टीत आरंभ मुले परतण्याच्या काळात, वाडीवस्तीवरील द्विशिक्षकी शाळांतून करता येईल. केंद्रप्रमुखाने आठवड्याचे दोन दिवस तेथे वर्गात बसावे आणि त्या दिवसांचे टपाल व तक्ते पंचायत समितीतील लिपिकाने पाहावेत. लिपिकांवर आधीच भार आहे, हे खरे. त्यासाठी तालुक्याला एक पद वाढवावे लागेल, आणि जिल्हा परिषदेने ते मागितले पाहिजे.