जुनी आलिशान एसयूव्ही : मॉडेलचे साल कसे वाचावे

आलिशान एसयूव्हीची किंमत पहिल्या काही वर्षांत झपाट्याने उतरते. तिच्या स्पेअर पार्टची मात्र उतरत नाही. नवी असताना ऐंशी लाखांची गाडी तिसऱ्या मालकाला पंधरा लाखांत मिळाली, तरी तिचा गिअरबॉक्स ऐंशी लाखांच्या गाडीच्याच भावाने येतो. अशी गाडी घेणारा आधी साल विचारतो, ते बरोबरच आहे. पण गाडी किती जुनी एवढे कळण्यापुरता सालाचा उपयोग नसतो. त्या साली त्या मॉडेलमध्ये कोणते इंजिन आणि कोणता गिअरबॉक्स बसत होता, आधीचे कोणते दोष तोवर निस्तरले होते आणि कोणते नवे शिरले होते, हे सालावरून काढता येते.

साल तीन प्रकारचे असते. गाडी कारखान्यात बनली ते उत्पादनाचे, आरटीओत नोंद झाली ते नोंदणीचे, आणि कंपनीने ज्या वर्षाचे मॉडेल म्हणून ती विकायला काढली ते मॉडेल इयर. भारतात बोलताना नोंदणीचेच साल सांगितले जाते. शोरूममध्ये पडून राहिलेली गाडी त्यामुळे कागदोपत्री वर्षभर तरुण होते. आरसी बुकात उत्पादनाचा महिना आणि वर्ष वेगळे दिलेले असतात, ते पाहावेत. अमेरिकेत पुढच्या वर्षाचे मॉडेल आदल्या वर्षीच बाजारात येते. व्होल्वोची दुसऱ्या पिढीची एक्ससी९० २०१५च्या सुरुवातीला बनू लागली. अमेरिकेत ती २०१६चे मॉडेल म्हणून गेली, भारतात मात्र २०१५मध्येच रस्त्यावर आली. सुरुवातीच्या त्या गाड्यांत मधल्या स्क्रीनच्या सॉफ्टवेअरच्या तक्रारी बऱ्याच होत्या. अमेरिकी माहितीत '२०१६' असे लिहिलेले दुखणे भारतात २०१५च्या गाडीतही असू शकते.

चासी नंबर सतरा अक्षरांचा असतो. अमेरिकेसाठी बनलेल्या गाडीत त्याचे दहावे अक्षर मॉडेल इयर सांगते : २०१०ला 'ए', २०११ला 'बी', असे पुढे. आकड्यांशी घोटाळा होऊ नये म्हणून काही अक्षरे गाळलेली आहेत. म्हणून २०१७चा 'एच' झाल्यावर २०१८ला 'आय' न येता 'जे' येतो. युरोपात ही सक्ती नाही आणि काही कंपन्या त्या जागी वेगळीच खूण ठेवतात, त्यामुळे तेवढ्यावर विसंबू नये.

एका मॉडेलची एक पिढी साधारण सात-आठ वर्षे चालते. पहिल्या वर्षी नवे इंजिन, नवी वायरिंग आणि नवे सॉफ्टवेअर एकदम येते. प्रयोगशाळेत न दिसलेले दोष ग्राहकांच्या हाती गेल्यावर दिसतात आणि पुढच्या एक-दोन वर्षांत कंपनी ते गुपचूप दुरुस्त करत जाते. तीन-चार वर्षांनी फेसलिफ्ट येते. पिढीच्या अखेरच्या वर्षांतल्या गाड्या बहुधा सर्वांत निर्धोक असतात. हा नियम ढोबळ आहे; खरा निवाडा कोणत्या साली काय बदलले यावर होतो.

व्होल्वोच्या पहिल्या एक्ससी९०चे उदाहरण बोलके आहे. २००३च्या मॉडेलमध्ये अमेरिकेत दोन पेट्रोल इंजिने मिळत. पाच सिलिंडरच्या २.५टी गाडीला जपानच्या आयसिन कंपनीचा पाच गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स होता, तर सहा सिलिंडरच्या टी६ गाडीला जनरल मोटर्सचा चार गिअरचा. टी६च्या दोन टर्बोंची ताकद आणि गाडीचे वजन त्या चार गिअरच्या पेटीला पेलले नाही आणि गिअरबॉक्स जाण्याबद्दल ती गाडी बदनाम झाली. २.५टीचा लौकिक कितीतरी बरा राहिला. साल, कारखाना आणि बाहेरचे रूप एकच असूनही दोन गाड्यांचे नशीब वेगळे निघाले. त्यामुळे '२००३ची एक्ससी९० कशी?' या प्रश्नाला इंजिन विचारल्याशिवाय उत्तर नाही.

कधी कधी सीमारेषा वर्षाच्या मधूनच जाते. मर्सिडीजची दुसऱ्या पिढीची एमएल २००५मध्ये आली. तिच्या एमएल ३५०मधल्या एम२७२ या व्ही६ इंजिनात बॅलन्स शाफ्टचे दाते मऊ निघाले. दाते झिजले की इंजिनाचे टायमिंग सरकते आणि चेक इंजिनचा दिवा लागतो. सुटा भाग फार महाग नाही, पण तो बदलायला अख्खे इंजिन उतरवावे लागते, म्हणून बिल मोठे होते. या इंजिनाच्या क्रमांकातल्या '३०' नंतरचे सहा आकडे ४६८९९३पर्यंतचे असतील, तर ते जुन्या दात्यांच्या तुकडीतले. अमेरिकेत याबाबत झालेल्या सामूहिक दाव्यातही हीच मर्यादा धरली गेली. अशा वेळी आरसी बुकातल्या सालापेक्षा इंजिनावर कोरलेला नंबर जास्त खरे सांगतो.

फेसलिफ्ट म्हणजे सुधारणाच, असेही नाही. बीएमडब्ल्यूच्या दुसऱ्या पिढीच्या एक्स५ला २०१०मध्ये फेसलिफ्ट मिळाली. सहा सिलिंडरच्या गाड्यांना त्यात आठ गिअरचा चांगला गिअरबॉक्स लाभला. व्ही८ गाडीला मात्र एन६३ हे नवे इंजिन आले. त्याचे दोन्ही टर्बो सिलिंडरच्या दोन रांगांच्या मधल्या घळीत बसवलेले. उष्णता तिथेच कोंडे. इंजिन ऑइल पिऊ लागे, टायमिंग चेन आणि इंजेक्टर यांच्या तक्रारी येत, बॅटरी लवकर बसे. २०१४च्या डिसेंबरमध्ये बीएमडब्ल्यूने अमेरिकेत या इंजिनाच्या गाड्यांसाठी तपासणी-दुरुस्तीची खास योजनाच काढली.

तिसऱ्या पिढीच्या रेंज रोव्हरची चाल आणखी गुंतागुंतीची आहे. ही गाडी घडवली बीएमडब्ल्यूने. पण २०००मध्ये बीएमडब्ल्यूने आपल्या ताब्यातली लँड रोव्हर फोर्डला विकली आणि गाडी बाजारात आली ती फोर्डच्या काळात, बीएमडब्ल्यूची इंजिने घेऊन. २००६च्या मॉडेलपासून पेट्रोल गाड्यांना जॅग्वारची इंजिने आली. २००८मध्ये टाटा मोटर्सने जॅग्वार लँड रोव्हर घेतली, २०१०च्या मॉडेलला पाच लिटरचे नवे व्ही८ मिळाले आणि २०१२मध्ये ही पिढी संपली. सुरुवातीच्या डिझेल गाड्यांत गिअरबॉक्स आणि पुढचे डिफरन्शियल हे दुखरे भाग आहेत. त्या दुखण्याची यादी घेऊन २०११ची गाडी तपासणे निरर्थक आहे. तिची यंत्रसामग्री जवळजवळ वेगळीच आहे.

माहीत असलेला दोष दुरुस्त झाला असेल, तर तीच गाडी उलट घेण्याजोगी ठरते. पोर्शच्या पहिल्या केयेनमध्ये, म्हणजे २००३ ते २००६च्या मॉडेलांत, व्ही८ इंजिनाच्या वरच्या घळीतून कूलंटचे प्लॅस्टिकचे पाइप जात. उष्णतेने ते ठिसूळ होऊन फुटत आणि इंजिन तापे. पुढे त्यांच्या जागी ॲल्युमिनियमचे पाइप बसवायचा संच आला. विक्रेत्याकडे त्या कामाचे बिल असेल, तर प्रश्न मिटला. बिल नसेल, तर तो खर्च किमतीतून वजा करून बोलणी करावीत.

ब्रँडचे नाव पहिल्या वर्षाला वाचवत नाही. लेक्ससची ख्याती भरवशासाठीच आहे, तरी २०१०च्या एप्रिलमध्ये 'कन्झ्युमर रिपोर्ट्स' या अमेरिकी मासिकाने नवी जीएक्स ४६० घेऊ नका, असा इशारा दिला. वळणावर गाडीचा मागचा भाग घसरत होता आणि स्टॅबिलिटी कंट्रोल वेळेवर सावरत नव्हता. कंपनीने विक्री थांबवली, सुमारे ९,४०० गाड्या परत बोलावून सॉफ्टवेअर बदलले आणि मे महिन्यात मासिकाने इशारा मागे घेतला. तेच ४.६ लिटरचे व्ही८ आणि सहा गिअर घेऊन ही गाडी २०२३पर्यंत चालली.

सर्वेक्षणे वाचताना ती काय मोजतात ते पाहावे लागते. जे. डी. पॉवरचा टिकाऊपणाचा अभ्यास तीन वर्षे जुन्या गाड्यांचा असतो आणि दर शंभर गाड्यांमागे किती तक्रारी, ते मोजतो. त्यात फोन न जोडला जाणे आणि गिअरबॉक्स जाणे या दोन्ही एकेक तक्रारीच. जर्मनीतला 'ट्यूव्ह' अहवाल सक्तीच्या तपासणीतून निघतो आणि बारा-तेरा वर्षांच्या गाड्यांपर्यंत जातो. पण त्यात ब्रेक, दिवे, सस्पेन्शन, गळती असे सुरक्षेचे दोष येतात, इंजिनाच्या पोटातले नाहीत. अमेरिकेची एनएचटीएसए ही सरकारी यंत्रणा चासी नंबरावरून रिकॉल दाखवते, तोही अमेरिकेत विकलेल्या गाड्यांपुरता.

काही गोष्टी सालाच्या चांगल्या-वाईटाशी बांधलेल्या नाहीत. त्या वयाने येतात. एअर सस्पेन्शनच्या रबरी फुग्यांना चिरा पडतात, हवा गळते आणि ती भरून काढता काढता कॉम्प्रेसर जळतो. रात्री सपाट जागी लावलेली गाडी सकाळी एका कोपऱ्यावर बसलेली दिसली, तर हे काम निघणारच. रबरी बुश, होज आणि ऑइल सील यांचेही तसेच.

भारतात आणखी एक रेघ ध्यानात ठेवावी लागते. १ एप्रिल २०२०पासून बीएस-६ लागू झाले आणि डिझेल गाड्यांना काजळी गाळणारा फिल्टर लागला. काही गाड्या त्याआधीच बदलल्या होत्या. चाकणला बनलेली मर्सिडीजची एस-क्लास जानेवारी २०१८मध्येच बीएस-६ झाली होती. हा फिल्टर साफ व्हायला हमरस्त्यावरची सलग धाव लागते. मुंबई-पुण्याच्या गर्दीत रोज चार किलोमीटर फिरलेल्या गाडीत तो तुंबतो. त्यामुळे कमी किलोमीटर हा डिझेलमध्ये गुणच असतो असे नाही. पुरात बुडालेल्या गाडीला तर कोणतेच साल वाचवत नाही : अनेक युरोपीय एसयूव्हींत कंट्रोल युनिट आणि वायरिंगचे सांधे सीटखाली, गालिच्याखाली असतात आणि त्यांना चढलेला गंज महिन्यांनी बोलतो. गालिचा उचलून खाली चिखलाचा थर किंवा गंजके बोल्ट दिसतात का, ते पाहावे.

तपासणीचा क्रम यावरून ठरतो. आधी आरसी बुकातून उत्पादनाचा महिना काढावा, मग इंजिनाचा प्रकार आणि नंबर पाहावा. त्या जोडीचे ठरलेले दोष कोणते, याची यादी करावी आणि सर्व्हिस रेकॉर्डमध्ये नेमकी त्याच कामांची बिले शोधावीत. बिलांवरचे किलोमीटर क्रमाने वाढत आहेत का हेही तिथेच कळते. मीटर मागे फिरवलेला असेल तर तिथे उघडा पडतो. गाडी पाहायला सकाळी जावे आणि इंजिन आधी सुरू करू नका असे सांगून ठेवावे, कारण टायमिंग चेनची खडखड थंड इंजिनातच ऐकू येते. शेवटी त्या ब्रँडचे काम करणाऱ्या गॅरेजमध्ये स्कॅनर लावून घ्यावा. यादीतला मोठा दोष दुरुस्त झाल्याचा पुरावा नसेल आणि त्याचा खर्च किमतीतून वजा करायला विक्रेता तयार नसेल, तर त्याच मॉडेलची पुढच्या सालची गाडी पाहावी.